व्रत त्यांचं, चूल आमची



गुडघ्यानं यंदा दीड महिना घरात बसवलं. बस्तीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून दर्शन खालूनच. दुपारचं सामायिक झालं की हाताला काम नाही. सुनेनं टीव्हीला ते ओटीटी जोडून दिलं आणि रिमोट कसा चालवायचा ते तीनदा शिकवलं. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून माझं मीच खटपट करून शिकले. अशा चार सिनेमांचं बघणं झालं आणि त्यातल्या एकावरून मंडळाच्या ग्रुपवर माझं भांडणही झालं. दोन्हींचा हिशेब आज देते.

आधी सोपे सिनेमे. ‘बाईपण भारी देवा’ दुसऱ्यांदा बघितला. 2023 साली तो आला तेव्हा आम्ही मंडळाच्या बायका गटानं थिएटरात गेलो होतो, काहीजणी तर नऊवारी नेसून. केदार शिंदेंचा सिनेमा. सहा बहिणी, जुनी रुसवेफुगवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी यांना बघायला मला केव्हाही आवडतं. पण घरी एकटीनं बघताना एक खटकलं. नाचून झालं, रडून झालं, बहिणी एक झाल्या. त्या सगळ्याजणी तालमीला जात होत्या तेव्हा संध्याकाळचा स्वयंपाक कोण करत होतं, हे काही कॅमेरा सांगत नाही. थिएटरात हा प्रश्न पडला नव्हता, कारण मी स्वतःच चारला कुकर लावून, भाकरी करून, झाकून गेले होते.

‘लापता लेडीज’ मात्र मनापासून आवडला. किरण राव यांचा, 2024 चा. घुंगटामुळे रेल्वेत नवऱ्या बदलतात ही गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. त्यात एक छोटा प्रसंग आहे. घरात आलेली नवी मुलगी कमळकाकडीच्या भाजीचं कौतुक करते, आणि सासू म्हणते की बायकांच्या आवडीचं घरात कुठे शिजतं, आता तर आपल्याला काय आवडतं तेही आठवत नाही. (कमळकाकडी आपल्याकडे चालत नाही, ती गोष्ट वेगळी.) मी टीव्ही थांबवला आणि स्वतःला विचारलं, तुला काय आवडतं? पाच मिनिटं लागली. कटाची आमटी. पण ती मी माझ्यासाठी म्हणून कधी केलेली नाही. पुरणपोळी त्यांना आवडते, मग कट उरतो, मग आमटी होते. त्याच सिनेमात स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई आहे, छाया कदमनं केलेली. ती हरवलेल्या फूलला कलाकंद करायला लावते आणि त्याचे पैसे तिच्या हातावर ठेवते. आपण रांधलेल्याला मोल असतं हे त्या पोरीला त्या नोटा बघून कळतं. तिचा चेहरा बघा तेव्हा.

आता भांडणाचा सिनेमा. ‘मिसेस’. सान्या मल्होत्राचा, आरती कडव यांनी केलेला, 2025 च्या फेब्रुवारीत झी फाइव्हवर आला. तो बघितल्यावर भाचीनं सांगितलं, मामी, याचं मूळ मल्याळम बघ. म्हणून ‘द ग्रेट इंडियन किचन’ बघितला. जिओ बेबी यांचा, 2021 चा. खाली इंग्रजी अक्षरं वाचत बघितला. काही अक्षरं वाचायच्या आत पळून गेली, तरी बिघडलं नाही, कारण त्यात बोलणं कमी आणि भांड्यांचा आवाज जास्त. सिनेमात नायक-नायिकेला नावंसुद्धा दिलेली नाहीत. पाटा-वरवंटा, फोडणी, केरसुणी, मोरी, पुन्हा फोडणी. माझी सून म्हणाली, आई, तुम्ही हे काय रोजचंच बघताय. मी म्हटलं, रोज करते, बघितलं कधी नव्हतं.

गोष्ट साधी आहे. नाच शिकलेली मुलगी बऱ्या घरात लग्न होऊन येते. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. सासरे शांतपणे सांगतात की चटणी पाट्यावरचीच बरी, कपडे मशीनमध्ये खराब होतात. मल्याळममधल्या सासऱ्यांना भातही चुलीवरचा लागतो. सासूबाई मुलीच्या बाळंतपणाला जातात आणि सगळा गाडा एकटीवर पडतो. मोरीचा पाइप गळतोय, प्लंबरला सांगा, असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगते. तो विसरतो. ती खाली बादली लावते, घाण पाणी हातानं उपसते. ‘मिसेस’मधल्या सासूबाई अर्थशास्त्रातल्या पीएच.डी. आहेत आणि सासरे ते मोठ्या अभिमानानं सांगतात, की एवढं शिकूनही हिनं घर सांभाळलं. हे ऐकताना मी उगाचच कपाटाकडे बघितलं. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट त्यातल्या एका फायलीत आहे, रेशनकार्डाच्या मागे.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की सगळ्यांनी हा बघा, आणि जमलं तर घरातल्या पुरुषांना शेजारी बसवून बघा. त्यावर तासाभरात जे आलं ते वाचून मला वाटलं की मी कुणाच्या तरी घरावर दगड मारलाय.

एकीचं म्हणणं, असले सिनेमे घरं मोडतात, आधीच आपल्या समाजातल्या शेतीवाल्या, दुकानवाल्या मुलांना मुली मिळेनात. दुसरीचं, आमच्या वेळी गॅस नव्हता, मिक्सर नव्हता, आम्ही कधी तक्रार केली का? आणि तिसरीचं, ज्यावर सर्वांत जास्त हात जोडलेले आले, ते असं की हे त्यांच्यात असेल, आपल्यात नाही. आपल्या धर्मात स्त्रीला मान आहे, आपलं स्वयंपाकघर म्हणजे धर्मस्थान आहे.

पहिलीला मी फार वेळ देणार नाही. सिनेमात पाइप पहिल्यापासून गळतो. बादली भरल्याचं जिनं सांगितलं तिच्यामुळे घर गळायला लागलं, असं म्हणता येत नाही. आणि मुली मिळत नाहीत म्हणता, तर मुलींना विचारा ना का येत नाहीत. त्या उत्तर देतील, फक्त ते ऐकायची तयारी ठेवा. दुसरीला एवढंच सांगते की तक्रार केली नाही हे खरं, पण काकू, तुमच्या पाठीचे मणके काय म्हणतात ते एक्स-रेत दिसतं.

तिसरीशी मात्र मला भांडायचंय. कारण ती म्हणते ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपण सगळ्याजणी राबतोय.

आपलं स्वयंपाकघर धर्मस्थान आहे, कबूल. मी तसंच मानते. पाणी गाळल्याशिवाय घेत नाही, आणि गाळलेलं पाणी 48 मिनिटांनी पुन्हा गाळायचं हे अंगवळणी पडलंय. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7, म्हणून दळण थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. कंदमूळ नाही. भाजी चिरण्याआधी उन्हात धरून बघायची, भेंडीचा प्रत्येक तुकडा, वांगं तर नकोच. डाळ-तांदूळ रोज निवडायचे. मिक्सरचं भांडं असं धुवायचं की फटीत कण राहायला नको. रात्रीचं शिळं नाही. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उचललेली हवीत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी बंद, मग उसळी आणि पिठलं. मी यातलं काही सोडा म्हणत नाही. ज्या मुली म्हणतात की कशाला हवं हे सगळं, मोबाईलवरून मागवा, त्यांचंही मला पटत नाही. जीव वाचवायचा तर कष्ट पडणारच.

प्रश्न एवढाच आहे की ते कष्ट कुणाला पडतात.

मी कॉमर्सची. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की एका बाजूला नोंद केली की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेची नोंद करावी लागते, नाहीतर वही जुळत नाही. आपल्या घराघरांत काय होतं? मामंजींनी रात्रीभोजनाचा त्याग केला. जमा, मामंजी. दिरांनी रसपरित्याग घेतला, रविवारी मीठ नाही, बुधवारी तूप नाही, शनिवारी तेल नाही. जमा, दीर. आणि रविवारी अळणी भाजीचं वेगळं पातेलं, बुधवारी बिनतुपाची वेगळी पोळी, शनिवारी बिनतेलाची वेगळी आमटी? ती खर्चाची नोंद कुठल्याच वहीत नाही. व्रत घेणाऱ्याचं नाव बस्तीत पुकारलं जातं. पातेलं घासणारीला कळतंसुद्धा नाही की आज रविवार आहे म्हणून पातेली दोन आहेत.

माझ्या लग्नानंतरचा पहिला डिसेंबर सांगते. अकरा माणसांचं घर, पुढे दुकान. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. पाचला दुकानातून पुरुष यायचे, त्यांची पंगत. मग पोरं. मग आत्याबाई आणि चुलत सासूबाई. सगळ्यांना गरम भाकरी हवी, कारण गार भाकरी घशाखाली उतरत नाही. शेवटी मी आणि माझी मोठी जाऊ. ताट वाढून घेतलं आणि बाहेरून मामंजींचा आवाज आला, “दिवस मावळला हं.” जावेनं काही न बोलता दोन्ही ताटं झाकली. मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं. त्या महिन्यात ते आठ-दहा वेळा झालं. रात्री पाणीसुद्धा नाही. सकाळी आत्याबाई शेजारणीला कौतुकानं सांगत होत्या, “आमची सून लहान असून रात्रीचं पाणी घेत नाही.” मी उपाशी होते, आणि त्याचं पुण्य घराच्या नावावर लागलं. आत्याबाई वाईट नव्हत्या. त्यांची सासू त्यांच्याशी तसंच वागली होती आणि त्यांना त्यात चूक दिसलीच नव्हती. त्यांना कुणी सिनेमा दाखवला नव्हता.

मल्याळम सिनेमातला नवरा शेवटी शबरीमलेचं व्रत धरतो. ‘मिसेस’मध्ये हा भाग नाही, आणि त्यामुळे हिंदी सिनेमा मला थोडा गुळगुळीत वाटला. 41 दिवसांचं व्रत, काळे कपडे, पहाटेची स्नानं, घरात भजनं. माणूस शुद्ध झालाय. त्याच्या शुद्धीसाठी पहाटे उठून धुणारी, सारवणारी, रांधणारी ती मात्र पाळीच्या दिवसांत कोपऱ्यात चटईवर, आणि तिच्या हाताचा स्पर्श झाला म्हणून तो चिडतो. ते बघताना मला केरळ दिसलंच नाही. मला आमचं माजघर दिसलं. (त्या चार दिवसांबद्दल मी एकदा स्वतंत्र लिहीन. सिनेमातली कामवाली उषा हसत सांगते की मी पाळी आली तरी कुणाला सांगत नाही, घरी बसले तर खाऊ काय? त्या एका वाक्यात किती विटाळ धुऊन निघाला!)

“ते आपल्यात नाही,” म्हणणाऱ्या ताईंना आता मी शास्त्रातलंच विचारते, कारण त्यांनी धर्माचं नाव घेतलंय.

आपण जपमाळेचे 108 मणी ओढतो. ते 108 का, हे पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. पाप यायचे 108 दरवाजे. त्यातलं तिसरं त्रिक बघा. स्वतः केलं ते कृत. दुसऱ्याकडून करवलं ते कारित. दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावली ती अनुमोदना. तिन्ही पापंच. म्हणजे ज्यानं चूल पेटवली नाही, फक्त “आज थोडं तिखट कर” म्हटलं, तो काही आरंभातून सुटला नाही. तरी मी लहानपणापासून ऐकत आलेय की बायकांचं काय, सारा दिवस चुलीपाशी, जातं, उखळ, केरसुणी, आरंभाचं पाप त्यांच्याच माथी. आणि पुरुष? तो सोवळ्यात बसून स्वाध्याय करतो. वा रे हिशेब! भाकरी खाताना भागीदार, पाप वाटताना मात्र प्रोप्रायटर एकटी ती.

आणखी एक. श्रावकाच्या 11 प्रतिमा. आठवी आरंभत्यागाची. ती घेतलेला श्रावक स्वतः चूल पेटवत नाही, धंदाही करत नाही. पण तो तिथवर सात पायऱ्या चढून येतो आणि पुढे दहावी अनुमतित्यागाची आहे, ज्यात घरच्यांना हे करा, ते करा असं सांगणंसुद्धा सुटतं, पानात पडेल ते गप्प खायचं. आमच्या घरातले पुरुष चुलीपासून लांब राहण्यात जन्मापासून आठव्या प्रतिमेवर आहेत. दहावीवर पोचलेला एक दाखवा. “आमटी पातळ झाली” असं न म्हणता उठलेला एक दाखवा.

आहारदानाचंही तसंच. आदिनाथ भगवंतांना उसाचा रस देणाऱ्या श्रेयांसाचं नाव आपण दर अक्षय तृतीयेला घेतो, घ्यायलाच हवं. पण तो रस गाळला कुणी? मी हे एकदा प्रवचनानंतर विचारलं होतं, तर सगळे हसले. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. उलट चंदना बघा. विकलेली मुलगी, अंगावर बेड्या, पुढ्यात कोद्रवाचा भात. महावीर भगवंतांनी घास घेतला तो तिच्या हातचा. तिथे पुण्य वाड्याच्या मालकाच्या नावे जमा झालं नाही. ज्या हातानं दिलं त्या हाताच्या बेड्या तुटल्या.

आता आपल्या गावच्या चातुर्मासात काय होतं ते आठवा. चौका लागतो. बायका पहाटे चारला उठून, सोवळ्याची साडी नेसून, तोंडाला पाणी न लावता रांधतात. दारात उभं राहून पडगाहनाला मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणायचं असतं. महाराजांच्या ओंजळीत घास द्यायला पुरुष पुढे होतात, कारण ते ताजेतवाने असतात. संध्याकाळी ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं जातं, अमुक अमुक शेठ आणि परिवार. मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांचं मिळून नाव ‘परिवार’!

आणि ती मनशुद्धी? दात्याचे सात गुण सांगितलेत, त्यात श्रद्धा आहे, भक्ती आहे, संतोष आहे, क्षमा आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे चौका होता तेव्हा मी दारात उभी राहून मनशुद्धी म्हटलं. त्या क्षणी माझ्या मनात होतं की आत कढई कोण बघणार, मुलगा अजून अंघोळीला का गेला नाही, आणि यांनी काल रात्री पाणी आणून ठेवलं असतं तर माझी कंबर वाचली असती. संताप होता. महाराजांपुढे मी खोटं बोलले. ज्या घरात एकटीच रांधते त्या घरात ही शुद्धी येणार कुठून? आहार शुद्ध आहे का, हे आपण भेंडी उन्हात धरून तपासतो. रांधणारीचं मन कुणी तपासलं आहे का?

कुणी म्हणेल, चौक्यात पुरुषांना काय जमतंय. का नाही? संघाबरोबर फिरणारे ब्रह्मचारी स्वतः चौका करतात, मी बघितलंय. लग्नात हजार पानांची हुग्गी करणारा आचारी पुरुषच असतो. त्याला पैसे मिळतात म्हणून जमतं आणि घरी मिळत नाहीत म्हणून जमत नाही, एवढंच असेल तर तसं सरळ सांगावं, धर्म मध्ये आणू नये.

सिनेमाची बाजू मी आंधळेपणानं घेत नाही. ‘मिसेस’ बघताना मला एक राग आला. त्यात स्वयंपाकघर म्हणजे नुसती घाण आणि शिक्षा आहे. खपली गव्हाच्या खिरीला उकळी फुटते तेव्हा जो वास सुटतो, किंवा नातू “आज्जी, अजून एक” म्हणतो, ते त्या मोरीत वाहून गेलंय. मला माझी चूल आवडते. शिवाय शेवट. दोन्ही सिनेमांत ती घाण पाणी अंगावर टाकून निघून जाते, नाच शिकवते किंवा नाचते, छान होतं तिचं. तिकडे त्याच घरात दुसरी बायको येते आणि तेच पुन्हा सुरू. म्हणजे नवऱ्यानं काहीच शिकायचं नाही! एक गेली, दुसरी आली. सिनेमा तिथे संपला तरी मला तिथून पुढचं बघायचं होतं. त्याला कणिक मळायला कुणी लावलं असतं, तर मी आणखी दोन तास बसले असते.

माझं मागणं फार मोठं नाही. आपल्या घरातले नियम कुणी मोडू नयेत. पण ज्यानं व्रत घेतलं, त्या व्रताचं काम त्याचं. मीठ सोडलंत? मग अळणी पातेलं तुम्ही चढवा, तुम्ही उतरवा, तुम्ही घासा. सूर्यास्ताचा नियम सगळ्या घराचा असेल तर पंगतही सगळ्या घराची एकदम, भाकरी थोडी गार झाली तरी चालेल. चौका लावायची हौस ज्याला, त्यानं चारला उठावं. दशलक्षणात “आमच्या घरी सात जणांचे उपवास आहेत” असं सांगणाऱ्यानं पारण्याच्या दिवशी मुगाचं पाणी आणि लाह्या कोण करतंय तेही सांगावं. आणि पुण्य वाटायचं असेल तर नावं पूर्ण पुकारा. मंडळाच्या पुढच्या सभेत मी हे मांडणार आहे. कुणी अनुमोदन देईल की नाही, माहीत नाही. अनुमोदनेचा अर्थ तरी आता सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या ह्यांनी ‘मिसेस’ माझ्या शेजारी बसून बघितला. मधेच दोनदा “काहीतरी वाढवून दाखवतात” म्हणाले. पाइपचा प्रसंग तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र उठले, मला वाटलं कंटाळले. थोड्या वेळानं आमच्या मोरीतून आवाज आला, “अगं, हा नळ कधीपासून ठिबकतोय?” मी म्हटलं, गणपतीच्या आधीपासून. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्या आठवड्यापासून सकाळचं पाणी हे गाळतात. गाळण्याचं कापड दुहेरी धरायचं, एकेरी नाही, हे चार वेळा सांगावं लागलं, आणि गाळलेलं झाकायचं हे अजून विसरतात. सत्तराव्या वर्षी माणूस शिकतोय, मी कशाला तोंड उघडू.

तर येत्या रविवारी दुपारी दोनला माझ्याकडे ‘मिसेस’ पुन्हा लावतेय. ग्रुपवर हात जोडणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण, आपापल्या मंडळींसकट. गुडघ्यामुळे मी उठणार नाही. सिनेमा चारला संपेल, पाचला पंगत, सगळे एकदम बसायचं. पोळ्या आमचे हे आणि मुलगा मिळून करणार आहेत. दोन-चार जळक्या निघतील, त्या मी आधीच माझ्या ताटात घेऊन ठेवीन.